वाण नाही, गुण

कुताइसीत, रिओनी नदीच्या चढावर,
द्राक्षवेलीखालच्या सामाईक अंगणात
लामारा राहते तीन मांजरांसह
आणि एका कुत्र्यासह, ज्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

म्हणजे, तो कुत्रा आहे हे.

पोत्यातून आला, डोळे उघडले
ते त्सित्सिनोच्या पोटाशी.
ती राखाडी, एका कानाची,
बाजारातल्या मासेवालीसारखी तोंडाळ.
तिने त्याला चाटलं, चापट मारली,
आणि जगाबद्दल जे काही सांगायचं ते सांगून टाकलं.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की काय होतं
ते आपण ऐकून असतो;
इथे पवळ्याचं वजन बत्तीस किलो आहे.

कुर्शा खोक्यात बसतो. खोकं बुटांचं.
त्यात मावतं मागचं एक पाऊल आणि आत्मविश्वास,
बाकीचा कुर्शा फरशीवर सांडलेला.
पंजा चाटून तोंड धुतो,
दर वेळी नख डोळ्यात,
दर वेळी आश्चर्य.

मांजर डोळे मिटून दूध पितं
हे त्याने नीट पाहून ठेवलंय.
लामाराच्या दह्याच्या बरणीत तोंड घालताना
तोही डोळे गच्च मिटतो,
आणि ती दारातून "कुर्शा!" म्हणाली
की मिटल्या डोळ्यांनीच, हनुवटीवर दही घेऊन,
सगळ्यात धाकट्या मांजरीच्या दिशेने मान वळवतो.

मार्चमध्ये कुंपणाच्या भिंतीवर चढला.
कसा, ते त्यालाही सांगता येणार नाही.
उतरायच्या वेळी मात्र कुत्रा झाला, पुरता,
आणि असा रडला की गुरामी शिडी घेऊन आला,
मेंढरासारखा खांद्यावर टाकून उतरवला त्याला.
तिन्ही मांजरं खाली रांगेत बसून
दुसरीकडे बघत होती,
आपल्या घरचं माणूस लग्नात नाचायला लागलं
की आपण बघतो तशी.

पण खरा घोटाळा झाला तो भेटींचा.
त्सित्सिनोने उंबऱ्यावर उंदीर आणून ठेवला.
लामारा म्हणाली, "शाबास गं माझी वाघीण!"
कुर्शाने ऐकलं.
दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर गुरामीची डावी चप्पल.
मग एक अख्खी खाचापुरी, गरम, तव्यासकट.
मग पाद्रीबुवांचा मोजा,
ज्याबद्दल पाद्रीबुवा आजही काही बोलत नाहीत.
शाबासकी नाहीच.
त्याने विचार केला असावा:
उंदीर लहान असतो. आपले नग मोठे पडतायत.

त्याच आठवड्यात वेलीखालच्या टेबलावरून
डॉमिनोची सहा-सहाची सोंगटी नाहीशी झाली.

ओतिया म्हणाला, हरायला लागला
की वालिकोच्या बाह्या लांब होतात.
वालिको म्हणाला, ज्याच्या बापाचा वजनकाटा...
बाप आल्यावर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.
चाळीस वर्षांचा खेळ मोडला.
समोरासमोरच्या बाल्कन्यांत बसून चार महिने
दोघे एकमेकांच्या डोक्यावरून नदी बघत राहिले.
नदी तिथून दिसत नाही.

ऑगस्टमध्ये धाकटी व्याली, त्याच बुटांच्या खोक्यात.
कुर्शा खोक्याला वेटोळं घालून पडला,
कोणाला फिरकू देईना,
काडीचा संबंध नसताना बापासारखा.
लामाराने खालची चिंधी बदलायला हात घातला,
तर चार पिल्लांच्या खाली, उबेत,
चाटून चाटून ठिपके फिकटलेली
सहा-सहा.

तिने ती न बोलता टेबलावर ठेवली.
संध्याकाळी ओतिया उतरला.
थोड्या वेळाने वालिको.
माफी कोणी मागितली नाही.
वालिको एवढंच म्हणाला, "बाह्या तपासून घे,"
आणि बनियनवर खेळायला बसला.

कुर्शा टेबलाखाली होता, डोळे मिटून.

तिसऱ्या डावाला ओतिया सोंगट्या मोजायला लागला.
परत मोजल्या.
सत्तावीस.
त्याने सावकाश मान वर केली
आणि वालिकोकडे पाहिलं.